वडील धरून काढलेला अंदाज

ऐरोलीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ माझ्याच कारखान्यात हिशेबनीस होते. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही आणि बोलणं ‘समजा’शिवाय सुरू व्हायचं नाही. “समजा, चहा घेतला तर?” असं विचारेपर्यंत दोन कप मागवलेलेही असायचे. मला ते आवडायचे.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. कंपनीच्या आरोग्य विम्यात कामगारांच्या आईवडिलांनाही घ्या, अशी आमच्या युनियनने मागणी केली. खर्चाचा अंदाज यांनी काढला. तो भर बैठकीत ऐकताच साहेब म्हणाले, “परवडणार नाही. विषय संपला.”

“एवढा खर्च आला कुठून?” मी हिशेबनिसांना विचारलं.

“समजा, सगळेच म्हातारे एकाच वर्षी ॲडमिट झाले,” ते शांतपणे म्हणाले. “प्रत्येक कामगाराचे आई आणि वडील, दोन्ही धरलेत.”

“माझे वडील वारलेत! तुम्ही खांदा दिलाय त्यांना!”

त्यांनी चष्मा पुसला. “समजा, आहेत.”

मी ताडकन उठलो. शेजारी बसलेल्या, दिघा गावाहून येणाऱ्या ऑपरेटरने मला ओढून खाली बसवलं नसतं, तर मी त्यांची गचांडी धरली असती.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तेच उभे होते.

“आईंचा दमा कसा आहे आता?” त्यांनी त्याच मऊ आवाजात विचारलं.

मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.

“कोण आलंय रे?” खोकत खोकत आईने आतून विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हणालो.