बाराव्या घरचं दूध

बाळाबाईंच्या पिशवीत अकरा घरांच्या किल्ल्या असतात. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची लोकर. लाल म्हणजे न्यू जर्सी, हिरवी मस्कत, पिवळी सिंगापूर. घरं मात्र सगळी नेरूळमध्ये, खाडीकडच्या एकाच सोसायटीत. मालक तिकडे, कुलपं इकडे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बाळाबाई दारं उघडतात, नळ सोडतात, फ्लश ओढतात, खिडक्या तासभर उघड्या ठेवतात.

"माणूस नसलं की घर कुबट होतं," त्या सांगतात. "नळ नाय सोडला तर मोरीतनं झुरळं वर येतात. त्यांचं बरंय, डिपॉझिट लागत नाय."

घर घेतलं तरी या मालकांना गृहप्रवेशाला यायला सुट्टी मिळत नाही. मग मुहूर्त बाळाबाईंच्या गळ्यात. छोटा गॅस, नवं पातेलं, अर्धा लिटर दूध आणि व्हिडिओ कॉल. दूध उतू गेलं की तिकडून टाळ्या. अकरा रिकाम्या घरांत अकरा वेळा दूध उतू घालवलं त्यांनी. एकदाही चूक नाही.

बारावं घर त्या स्वतः राहत होत्या ते निघालं.

त्याच सोसायटीतली तळमजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. चौदा वर्षं भाड्यानं. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी घरमालक गोटीरामच्या बापाची होती. मे महिन्यात गोटीराम पेढे घेऊन आला आणि पेढे न देताच बसून राहिला.

"वहिनी, आमी तरी काय करनार? इमानतल, तो नवा एअरपोर्ट, झाला ना, दुबईवाल्या गिऱ्हाइकानं घर न बघताच आकडा सांगितला. वरच्या मजल्यावर कोनी तरी तसाच घेतला, आता समद्यांचा भाव तोच हाय. इथं पगारावर जगनारा कोन देनार तेवरं?"

"मग आमी कुठं जायचं?"

"म्हनून तर महिना मागून घेतला हाय तुमच्यासाठी."

बाळाबाईंचे यजमान मानसिंग. साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात बत्तीस वर्षं पाठीवर गोणी वाहिलेले. आता पाठ त्यांना वाहते, असं ते म्हणतात. महिनाभर त्यांनी जागा शोधली. नेरूळ संपलं, जुईनगर संपलं, शेवटी तळोज्याला कंपन्यांच्या मागं एक खोली जमली.

"तिथली हवा खोकल्याची हाय," मानसिंग म्हणाले.

बाळाबाईंनी मात्र टोकन द्यायचं थांबवून ठेवलं होतं. त्यांचं गणित सरळ होतं. दुबईवाला काही राहायला येणार नाही. घर बंदच ठेवणार. मग बंद ठेवण्यापेक्षा आम्हीच राहिलो तर? भाडंही देऊ, नळही सोडू. मुहूर्ताच्या कॉलवरच विचारायचं ठरलं. दूध उतू गेलं की माणसं खुशीत असतात, हे त्यांनी अकरा वेळा पाहिलं होतं.

मुहूर्त सकाळी नऊ वीसचा. आकाश म्हणजे नवा मालक, आणि त्याच्या आई स्मिताताई, दोघं मोबाईलच्या पडद्यावर.

"मावशी, मागे ती बोचकी दिसतायत," स्मिताताई म्हणाल्या. "घर मोकळं दिसू दे ना."

बोचकी बाहेर गेली. कॅलेंडर उतरलं. भिंतीवर चौकोन उरला. शेवटी मानसिंगही उठले.

"मीबी दिसतोय काय?"

"पाय दिसत्यात. सरका."

ते मोरीत जाऊन उभे राहिले.

बाळाबाईंनी स्वतःचीच शेगडी पेटवली. दूध तापलं, कडेनं बुडबुडे धरले, साय फुगली, वर आली, काठाला टेकली आणि बाळाबाईंचा हात गेला. खट्. गॅस बंद. दूध मुकाट खाली बसलं.

"अहो मावशी! बंद काय केलंत?"

बाळाबाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. दुसऱ्यांच्या ओट्यावर त्यांनी खुशाल दूध सांडू दिलं होतं. पण या ओट्यासमोर चौदा वर्षं रोज उभं राहून त्यांनी थेंब वाया जाऊ दिला नव्हता. हाताला मुहूर्त कुठून कळणार?

"चुकलं ताई. हात गेला."

"अपशकुन नको बाई. पुन्हा करा."

"आई, मला ऑफिसला निघायचंय," आकाश म्हणाला.

बाळाबाईंनी पुन्हा पेटवलं. या वेळी दोन्ही हात पाठीमागे धरले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट. दूध आलं, काठावरून उतरलं, ओट्यावर पसरलं. तिकडे टाळ्या.

"साहेब, एक विचारू?" बाळाबाईंनी घाई केली. "तुमी हितं राहायला येणार नाय. मग आमीच राहिलो तर? भाडं देऊ. तुमी सांगाल तेव्हा सोडू."

आकाश वाईट वागला नाही. अगदी समजुतीनं बोलला. "मावशी, भाड्याचा प्रश्न नाहीये. दोन वर्षांनी मला फ्लॅट विकायचाय. आत माणसं असली की किंमत पडते. रिकामा लगेच जातो."

"आमी काय घाण करतो व्हय?"

"तसं नाही हो. पण किल्ली तुमच्याकडेच ठेवा. बाकीच्यांची बघता तसंच बघा. प्लीज."

पडदा काळा झाला. मानसिंग मोरीतून बाहेर आले.

"काय म्हनला?"

"किल्ली माझ्याकडंच ठेवायची."

"म्हंजे ऱ्हायचं?"

"नाय. मंगळवारी-शुक्रवारी यायचं. नळ सोडायला."

"तळोज्यावनं?"

दूध सुकायच्या आत बाळाबाईंनी ओटा पुसून घेतला. पातेल्यात उरलेल्या दुधाचा चहा केला, दोन कप, दोघं उभ्यानंच प्यायले. मग तळोज्याच्या माणसाला फोन लावला आणि टोकन घेऊन येतो म्हणाल्या.

निघताना त्यांनी पदराच्या गाठीतली घराची किल्ली सोडली. तिला कधी खूण लागली नव्हती. अंधारातही हाताला कळायची. आता ती इतर अकरांत पडणार होती. लोकर बोचक्यात गेलेली. त्यांनी कॅलेंडरची सुतळी दातानं तोडली आणि किल्लीला बांधली.

"सुतळी म्हंजे दुबई," मानसिंगना म्हणाल्या. "मी विसरले तर ध्यानात ठेवा."