जीपची नळी आणि मामाचा पाइप

भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरकारी लिलावातून जुनी जीप घेतली तेव्हा आम्ही जळगावला राहायचो आणि मी कॉलेजात होते. भाऊ गुरांचे डॉक्टर. खात्याची जीप त्यांनी इतकी वर्षं चालवली होती, की स्वतःची गाडी घ्यायची म्हटल्यावर दुसरं काही त्यांच्या डोळ्यांपुढे आलंच नाही. जीप दारात उभी राहिली त्या दिवशी आईने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिची दारं कुठायत?"

"हवा चांगली लागते," भाऊ म्हणाले.

माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, दोन गल्ल्या सोडून राहायचा. तो पाइपांच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि पाइपावर त्याची भारी श्रद्धा होती. त्याच्या घरी कपडे वाळत घालायची दांडी पाइपाची, पडद्याची दांडी पाइपाची, आणि मामीचं लाटणंसुद्धा पाइपाचं होता होता राहिलं. कुणी कसलीही अडचण सांगितली, की मामा डोळे बारीक करून विचारायचा, "किती इंचाचा लागेल?"

तो उन्हाळा होता. शिंदखेड्याला आत्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. आत्या भाऊंची थोरली बहीण. भाऊ तिला अक्का म्हणत आणि जगात फक्त तिलाच घाबरत. निघायच्या आदल्या दिवशी जीपखाली पाण्याचं थारोळं दिसलं. इंजिनातून रेडिएटरकडे गरम पाणी नेणारी वरची रबरी नळी तडकली होती. गॅरेजवाले तिला होज पाइप म्हणतात. त्यातला 'पाइप' हा शब्द मामाच्या कानावर पडला आणि पुढचं सगळं झालं.

"दाजी, बाजारात कशाला जाता? पाइप म्हणजे पाइप. मी आणतो."

संध्याकाळी तो काळ्या चकचकीत पाइपाचा तुकडा घेऊन आला. कोमट पाण्यात बुडवून, पिळून, वाकवून त्याने तो बसवला आणि दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. एक थेंब गळेना. भाऊ खूश झाले. कोमट पाण्यात जो वाकला, त्याचं उकळत्या पाण्यात काय होईल, हा विचार आमच्या घरातल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

सकाळी निघालो. भाऊ गाडी चालवायला, शेजारी मामा, मागे आई, मी आणि साखरपुड्याच्या साड्यांची बॅग. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मामा दर पाच-दहा मिनिटांनी म्हणत होता, "बघा, आहे का काही त्रास?" पारोळ्याच्या पुढे चढावर तो पुन्हा तेच म्हणायला लागला, आणि 'त्रास' हा शब्द पूर्ण व्हायच्या आत बॉनेटमधून फस्सकन वाफ आली. समोरचा रस्ताच दिसेना.

भाऊंनी जीप कडेला निंबाखाली घेतली. वाफ ओसरल्यावर बॉनेट उघडलं. पाइप नव्या आकारात आला होता. मधोमध चपटा होऊन खाली लोंबत होता आणि एक टोक क्लिपेतून निसटलं होतं.

शेजारच्या शेतातून एक बाई आणि तिचा नवरा आले. विहिरीवर त्यांचं ऑइल इंजिन पंपाला लावलेलं होतं. त्या माणसाने आत वाकून पाहिलं.

"हाई काय शे?"

"पाइप," मामा म्हणाला. त्याचा आवाज तेवढा खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"हाई तं शेवई व्हई गई!" असं म्हणून ती बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग आई हसली, मी हसले, आणि शेवटी भाऊसुद्धा. मामा तेवढा निंबाकडे बघत राहिला.

त्या माणसाने इंजिनाचा एक जुना रबरी पाइप आणला, कोयत्याने तुकडा कापून दिला, आणि बाईने विहिरीवरून दोन हंडे पाणी आणून ठेवलं. जीप थंड होईपर्यंत त्यांनी आम्हाला भुईमुगाच्या शेंगा खायला घातल्या. त्या तुकड्यावर आम्ही बैलगाडीच्या चालीने धुळ्याला पोहोचलो आणि तिथे दुकानातून खरा होज पाइप घेतला.

दुकानदार गल्ल्यावर बसून पेपर वाचत होता. भाऊंनी त्याला विचारलं, "तडकायच्या आधी कळत नाही का हे?"

"कळतं की. इंजिन गार असताना हाताने दाबून बघायचं." त्याने पेपराचं पान उलटलं.

शिंदखेड्याला पोहोचलो तेव्हा पाहुणे जेवून गेले होते आणि मांडवाखाली झाडलोट चालली होती. आत्या ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी.

"बठ्ठा पाव्हना जेवी ग्यात, नि तू आते ई राह्यना?" ती भाऊंना म्हणाली. मग मामाच्या काळ्या झालेल्या शर्टाकडे तिची नजर गेली आणि ती थेट पानं वाढायला आत गेली.

त्यानंतर दर रविवारी सकाळी चहाच्या आधी भाऊ बॉनेट उघडून नळ्या दाबायला लागले. मला पण बोलवायचे. चांगली नळी अर्ध्या कच्च्या पेरूसारखी लागली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बोट रुतता कामा नये आणि नळी दगडासारखी कडकही लागता कामा नये. क्लिपेजवळ फुगली असेल, वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील, तेल लागून चिकट झाली असेल, तर तिचे दिवस भरले. मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी. बोटं तशीही रंगलेली असायची. हळूहळू ते काम माझ्याकडेच आलं, आणि मला ते आवडायचं. गार जीप, पत्र्याचा वास, आत स्टोव्हचा आवाज.

लग्न पुढच्या हिवाळ्यात होतं. निघायच्या दोन दिवस आधी मी खालची नळी दाबली आणि बोट आत गेलं. वरून ती चांगली काळी, गुळगुळीत दिसत होती. पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच.

"बदलायला पाहिजे," मी म्हटलं.

"अगं, थेंब तरी गळतोय का?" मामा म्हणाला. "उगाच चालत्या गाडीला हात लावायचा नसतो."

"गळायला लागल्यावर बदलायची तर मग दाबून कशाला बघायचं?"

मामाने भाऊंकडे पाहिलं. भाऊ दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "ती म्हणते तर बदला."

नवी नळी बसवून झाल्यावर मामाने जुनी नळी चाकूने उभी चिरली. आतला थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. मामाने तो बोटांत धरून उजेडाकडे केला. "आमच्याकडे असला माल पासच झाला नसता," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत चहा मागायला स्वयंपाकघरात गेला.

लग्नाच्या दिवशी पहाटेच निघालो. धुळं सोडलं, सोनगीरचा किल्ला दिसायला लागला, आणि त्याच्या अलीकडे हायवेच्या कडेला फुलांच्या माळा लावलेली एक मोटार बॉनेट उघडून उभी होती. भोवती चार-पाच माणसं. त्यांच्यात पांढऱ्या सफारीतला, घामाने डबडबलेला तरुण फोटोवरून ओळखून आई ओरडली, "अहो, थांबवा! आपलाच नवरदेव आहे तो!"

वऱ्हाडाची बस पुढे निघून गेली होती. मोटारीचा होज पाइप फुटला होता. मामा जीप थांबायच्या आत खाली उतरला. वाफ संपल्यावर त्याने फडक्याने नळी धरली, आणि नवरदेवाच्या काकांकडे वळून धीरगंभीर आवाजात विचारलं, "दाबून बघत नव्हता का तुम्ही?"

काका ओशाळले. मी आईकडे पाहिलं. आईने पटकन तोंड फिरवलं.

मग मामानेच फर्मान सोडलं. नवरदेवाने आमच्या जीपमधून पुढे जायचं, मोटारीपाशी तो स्वतः थांबणार. धुळ्याहून नळी मागवून बसवतो आणि मागून येतो, म्हणाला. मोटारीच्या माळा काढून आम्ही जीपला बांधल्या. नवरदेव भाऊंशेजारी बसला. दारं नसल्यामुळे तो वाटभर एका हाताने टपाची दांडी आणि दुसऱ्या हाताने केस धरून होता. त्याचा भांग विस्कटू नये म्हणून भाऊंनी वेग कमी केला, तरी शिंदखेड्याला उतरताना त्याचे केस उभेच होते.

आत्या दारात आली. भाऊंच्या जीपमधून जावई उतरताना पाहून ती क्षणभर थबकली. मग भाऊंच्या पाठीवर तिने अशी थाप मारली की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"यंदा येळवर उना माझा भाऊ!" तिने सगळ्या मांडवाला सांगितलं.

मामा आला तेव्हा त्रिशरण-पंचशील होऊन, हार घालून, नवरा-नवरी खुर्च्यांवर बसली होती. मामाचे हात कोपरापर्यंत काळे. नवरदेवाचे काका त्याच्या मागे-मागे, साबण घेऊन. जेवायला बसल्यावर त्या काकांनी मामाच्या पानात स्वतः जिलेबी वाढली, आणि मामा त्यांना सांगू लागला, "पेरू माहितीय ना तुम्हाला? अर्धा कच्चा?"