वानरापुढं पदर

मी चौथी नापास. लिहिणं माझं काम नव्हं, माझं काम स्टेअरिंग. लातूरच्या डाळमिलची तूरडाळ ट्रकात भरायची आणि केरळात नेऊन उतरवायची, हे लई वर्षं केलं. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी न्हाई, म्हणून कागदाशी बोलायलोय.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. कचेरीवर नवी पाटी लागली, पर आमच्या निलंग्याकडच्या गावात हापशाला पाणी आलं न्हाई. वानरं तहानेनं दारात येऊन बसायची. बायको परातीत पाणी ठेवायची, मूठभर शेंगदाणे टाकायची. आधी वानराला, मग मला चहा. एकदा म्हणाली, "तिकडं पाऊस पडतो म्हणता, मला दाखवा की. का नुस्तंच सांगायलाव?"

नेली केबिनात बसवून.

केरळात एका राष्ट्रीय उद्यानाच्या कडेनं घाट हाय. ते रान मी कैकदा बघितलं होतं, पर तिच्याशेजारी बसून बघितलं तेच खरं. झाडाचा शेंडा दिसावा म्हणून ती कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकली. खोडावर शेवाळ, शेवाळावर नेचे, सगळ्यातून पाणी. पाऊस थांबला तरी झाडं गळतच होती. तिनं हात बाहेर काढला तो आत घेतलाच न्हाई. मधीच फसफस आवाज झाला. मी गाडी थांबवली, उतरून एकेका टायरला लाथ मारली.

"वर बघा, तुमचा टायर उडून चाललाय," ती म्हणाली. मोठ्या चोचीचा धनेश होता. पंखांचाच तेवढा आवाज.

मी खालीच होतो, तेवढ्यात फांद्या हलल्या. काळंभोर वानर, तोंडाभोवती पांढरी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. असला रुबाब मी कुठल्या पुढाऱ्यात बघितला न्हाई. बायकोनं झटकन डोक्यावर पदर घेतला.

"काय झालं गं?"

"अवो, मामा हायेत."

माझ्या बापाचे कल्ले अस्सेच पांढरे होते. सुनेकडं बघायचाही असाच, भाकरी करपल्यासारखा. तो वारून दोन वर्षं झाली होती.

सासऱ्याला उपाशी कसं धाडायचं? ती उतरली आणि पिशवीतले दाणे रस्त्यावर टाकले. पोटाला पिल्लू धरलेली एक मादी सरसर खाली आली, डांबरावर बसून वेचायला लागली. वळणावरून बस आली. मी दोन्ही हात वर करून आडवा पळालो. बस करकचून थांबली, मादी पिल्लासकट वर गेली.

जंगलखात्याचा गार्ड धावत आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये ऊपर का जानवर है अम्मा. नीचे तुम बुलाता." हे वानर दुसरीकडं कुठंच न्हाई, ह्याच डोंगरांत थोडंसं उरलंय. वरच्या वर फिरतं, झाडाचंच खातं. माणसाच्या दाण्याची चटक लागली की रस्त्यावर येतं आणि चाकाखाली जातं. आमच्याकडचं पुण्य, तिथं मरण.

बायकोनं पदर खोचला आणि ओल्या डांबरावर बसून एकेक दाणा उचलायला लागली.

"चल, उशीर होतोय."

"मामाला चाकाखाली घालून जाऊ का?"

मग मीही गुडघ्यावर बसलो.

पुढं प्रत्येक खेपेला त्या वळणावर थांबलो, लोकांनी टाकलेलं उचलून घेतलं. घरी आलो की तिचा पहिला सवाल, "मामा रस्त्यावर न्हाई ना आले?" मी काय दिसलं ते सांगायचो. ती चहा ठेवायची.

औंदा दवाखान्यात, बोलणं तुटायला लागलं तेव्हाही तिनं तेच विचारलं. गाडी सोडून मला जमाना झालेला. "न्हाई आले, वरच हायेत," मी म्हणालो. तिनं डोळे मिटले.

मला काय ठाऊक? जन्मात तिला तेवढं एकच न बघता सांगितलं.