गणपत मेजरांचं उभ्याचं टेबल

गणपत मेजर बोलायला लागले की कुणीतरी अर्ज वाचून दाखवतंय असं वाटायचं. कडेगावातल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात ते पहिल्यांदा आले, तेव्हा दारात ताठ उभे राहून म्हणाले, "विषय, टेबल. संदर्भ, माझी पाठ." मी काम थांबवलं. अशा माणसासमोर ठिणग्या उडवणं बरं दिसत नाही.

आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. हे फौजेत कारकून होते. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला पेन्शनवर आले आणि घराच्या पुढच्या खोलीत टाइपरायटर मांडून बसले. माजी सैनिकांचे कागद, शेतकऱ्यांचे वीजपंपाचे अर्ज, सगळं तिथंच व्हायचं. इतकी वर्षं बसून पाठीचा मणका सरकला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बसून काम बंद, नाहीतर कायमचं अंथरूण.

"बसू नका म्हणालेत," मेजर म्हणाले, "टाइप करू नका म्हणालेले न्हाईत. तरी कोपराएवढ्या उंचीचं टेबल मिळावं, ही विनंती."

मी लोखंडी अँगलचं टेबल करून दिलं. मेजर उभ्यानं टाइप करू लागले आणि पाठ गप्प झाली. गप्प बसली नाही ती त्यांची आई, सोनाबाई.

झालं असं की गावचे मोठे बागायतदार आण्णा पंपाच्या अर्जासाठी आले. ते खुर्चीवर टेकले आणि मेजर समोर उभे. म्हातारीनं हे आतल्या दारातून बघितलं. तिचा नवरा जन्मभर आण्णांच्या वाडवडिलांच्या अंगणात उभा राहिलेला. वर बोलावणं नाही, बस म्हणणं नाही. पुढं या घरानं बुद्धाचा धम्म घेतला, पोरगा शिकला, आणि म्हातारीच्या लेखी त्या सगळ्याचा अर्थ एकच होता: खुर्ची.

"तुज्या बापाची हयात त्येंच्या दारात उभ्यानं गेली," ती म्हणाली. "तुला शिकीवलं ते बसाय. आन तू आपल्याच घरात उभा? आन त्यो बसल्याला?"

"आये, डॉक्टरचा हुकूम हाय."

"डॉक्टरला काय ठावं?" असं म्हणून म्हातारी दिवसभर जेवली नाही.

मेजर पुन्हा दुकानात हजर. "विषय, तेच टेबल. खालीवर झालं पायजे." माणूस आला की टेबल खाली घ्यायचं आणि आपणही बसायचं, गेला की वर. म्हणजे आईचंही राहील आणि डॉक्टरांचंही. माझ्याकडे ऊसट्रॉलीचा जुना जॅक पडला होता, हँडल फिरवून वर-खाली होणारा. तो मी टेबलाखाली बसवला आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. पण ट्रॉलीच्या जॅकला वजनाची सवय असते, घाईची नसते. आण्णा आले, बसले, काम सांगितलं, चहा घेतला आणि निघूनही गेले. मेजर अजून हँडल फिरवतच होते.

मग मी जॅकचे आटे सैल केले, ग्रीस भरलं. टेबल वेळेत खाली येऊ लागलं आणि मेजर दिवसातून कितीदा तरी बसू लागले. व्हायचं तेच झालं. एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठता येईना. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा बसलात तर पायांची खात्री मी देत नाही.

जरा बरं वाटल्यावर मेजरांनी पुढच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या बुद्धविहाराला देऊन टाकल्या. एकच ठेवली आणि तीत आईला बसवलं. "येणारा उभा, मीबी उभा," मला म्हणाले. "कुणाचं कुणाला उणं न्हाई."

मी ग्रीस भरायला गेलो होतो त्या दिवशी आण्णा आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मेजर, खुर्ची?"

"एकच हाय आण्णा. आयेची."

म्हातारी शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही. मेजरांनी हँडल फिरवून टेबल उंचापुऱ्या आण्णांच्या कोपराला आणलं, सही करायला अवघडू नये म्हणून. आण्णांनी उभ्यानं सही केली आणि म्हणाले, "गुडघं लय दुखत्यात हो हल्ली."

"हुतीया सवय," म्हातारी म्हणाली. "आमच्या धन्याला झालती."

आण्णांनी कागद घडी करून खिशात घातला. ते गेल्यावर मी म्हणालो, "काय म्हातारे, झालं का मनासारखं?"

"मी बसून काय करू?" ती मेजरांकडं बघत म्हणाली. "बसाय ह्यो पायजे हुता."

मेजरांनी टेबल आपल्या मापाला आणलं आणि टाइप करायला लागले. पुढची काही वर्षं असंच चाललं. म्हातारी रोज खुर्चीत, बाकी गाव उभं. मी मेजरांना त्यानंतर कधी बसलेलं पाहिलं नाही, आणि खरं सांगतो, तसा ताठ माणूसही दुसरा पाहिला नाही. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

सोनाबाई गेली त्या दिवशी मी पोचलो, तर पुढच्या खोलीत तिला खाली चटईवर ठेवलेलं. सगळे भावकीतले जमिनीवर. आणि मेजर खुर्चीत. पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. आई खाली असताना आमच्यात कुणी वर बसत नाही, त्यामुळं कुजबुज चालली होती. चुलतभावानं त्यांचा दंड धरला. "खाली ये की रं. बरं दिसतंय का?"

"आयेनं बस म्हणून सांगितलंय," मेजर म्हणाले.

आण्णा आले, दारात उभे राहिले. येणारे-जाणारे हळहळत होते. दुपार कलली तरी मेजर हलले नाहीत. चेहरा घामानं भिजला होता, तेवढंच. वेळ झाली तेव्हा आधी म्हातारीला उचललं. मग मी आणि चुलतभावानं काखेत हात घालून मेजरांना उठवलं, कारण त्यांना आपणहून उठवत नव्हतं.