क्लाउडमधून फाईल कुणी नेली?

सकाळचे सात वाजले होते. गेटबाहेर चार भरलेले टँकर उभे होते आणि त्यांनी कुठे जायचं हे सांगणारी शीट गायब होती.

"मियाँ, टाकी भरके खडा हूँ," ड्रायव्हर रशीदभाई खिडकीतून म्हणाले. "जाऊँ किधर?"

मी लॅपटॉपवर शीट पुन्हा शोधली. शीट क्लाउडवर ठेवायची कल्पना माझीच होती.

मी कन्नड तालुक्यातला, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. कॉलेज सांभाळून या टँकर ऑफिसात अर्धवेळ काम करायचो. दुष्काळाचं साल होतं. शहराच्या कडेनं नव्या कॉलन्या उठत होत्या, पण नळ तिथवर पोचले नव्हते. कोणत्या कॉलनीला कोणत्या दिवशी पाणी, हे भिंतीवरच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं असायचं. मी मालकांना, म्हणजे भाऊंना, घाबरत घाबरत सुचवलं की हे क्लाउडवर, इंटरनेटवरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवू. म्हणजे एकच कपाट आणि तिघांकडे किल्ली: भाऊ, मी आणि आमचे कारकून जोशीकाका. एकानं बदल केला की तिघांना दिसतो.

"महिनाभर बघू," भाऊ म्हणाले होते. "नाय जमलं तर पाटी बी परत आन् तू बी परत."

आज अकरावा दिवस होता.

मी राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. भाऊंच्या मोबाइलवर पाहिलं, तिथंही फोल्डर रिकामं. तेवढ्यात शेंद्र्याकडच्या कॉलनीतून एका बाईंचा फोन आला. "सहा दिवस झाले! पिंप पालथं घालून ठेवलंय. आज आमचा नंबर होता ना?"

"व्हय ताई, निघालाच," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले. "लई शिकलास ना? पाटी कधी पळून गेली नव्हती."

"काका कू फोन लगाव," रशीदभाई म्हणाले. पण काकांचा फोन आठपर्यंत पूजेमुळे बंद असतो. शेवटी रशीदभाई आठवणीवर निघाले आणि कालच पाणी मिळालेल्या कॉलनीत जाऊन पोचले. तिथल्या लोकांनी त्यांना चहा पाजला.

सव्वाआठला काका आले. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेला शांत माणूस. चप्पल काढता काढता म्हणाले, "काय शोधताय?"

"काका, शीट क्लाउडमधून उडाली."

"उडेल कशी? मी नेलीय. नोंद आहे की."

"कुठं?"

"तुमच्या लॅपटॉपखाली."

सकाळी आल्या आल्या लॅपटॉप उंच यावा म्हणून मी त्याखाली एक जाडजूड रजिस्टर ठेवलं होतं. काकांनी ते ओढून उघडलं. फाईलचं नाव, तारीख, नेणार जोशी, कारण: कॉलन्यांची नावं तपासणे. आदल्या संध्याकाळी त्यांनी शीट माऊसनं ओढून स्वतःच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ठेवली होती. ओढल्यावर कॉपी होत नाही, फाईल कपाटातूनच निघते, म्हणजे तिघांकडूनही जाते.

"मशीननं विचारलं होतं, सगळ्यांकडून जाईल, चालेल का," काका म्हणाले. "एक माणूस फाईल नेतो तेव्हा ती बाकीच्यांकडे नसतेच. मी हो म्हटलं."

भाऊ भिंतीकडे तोंड करून हसत होते.

काकांनी कॉम्प्युटर लावला, शीट परत ठेवली. दहा सेकंदांचं काम. नऊला शेंद्र्याचा टँकर निघाला. नंतर मला दिसलं की क्लाउडच्या ट्रॅशमध्येही ती शीट आदल्या संध्याकाळपासून पडून होती. घाबरलेल्या माणसाला ट्रॅश सुचत नाही.

मी काकांना कॉपी कशी करायची ते शिकवलं. त्यांनी ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. पाटी परत आली नाही आणि मीही परत गेलो नाही. त्यानंतर कुठंही नवीन सिस्टीम लावायला गेलो, की आधी तिथलं रजिस्टर मागतो आणि ते वाचल्याशिवाय त्यावर लॅपटॉप ठेवत नाही.

काकांच्या त्या नोंदीत त्या दिवशी एक रकाना अर्धवट होता. देणार: शीट माझ्या ताब्यातली म्हणून माझं नाव, सही बाकी. काकांनी पेन पुढं केलं. मी सही केली.