उजव्या हाताचा दावा

माझा उजवा हात दोनदा निकामी झाला. पहिल्यांदा बसच्या मालकाने केला, दुसऱ्यांदा मी स्वतः, आणि तोही तोंडाने!

मोठं सीक्लोन येऊन मॉरिशसभर घरांचे पत्रे उडाले, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. सूयाकहून पोर्ट लुईला जाणाऱ्या आमच्या बसची पायरी कुजली होती. मला माहीत होतं, कंडक्टरला माहीत होतं, बाजारात जाणाऱ्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं! चार महिने मी मालकाच्या मागे लागले होते. "अरे बाबा, फळी बदल. कुणाचा तरी जीव घेशील." तो म्हणायचा, "उद्या, मादाम, उद्या." आणि एक दिवस मेल्याने खरंच दुरुस्ती केली. घायपाताच्या दोरीने फळी बांधली. दोरीने! (त्या पायरीवर मी बोकडालाही चढू दिलं नसतं.)

लग्नाच्या चोळ्यांचं कापड घेऊन मी उतरत होते. दोरी सुटली, फळी गेली, मी खाली आणि उजवा हात माझ्याखाली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी अंगठा आणि बोट जुळवलं की कोपरापर्यंत कळ जायची. आणि मी शिवणकाम करणारी बाई! कात्री धरवेना, सुई धरवेना. ह्यांच्या साखर कारखान्यातल्या पगारात भात निघायचा, बाकी सगळं माझ्या मशीनवर चालायचं, आणि ते मशीन आता फडकं पांघरून बसलं होतं.

मालक काय म्हणाला असेल? "मादाम जरा जड आहेत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच आठवड्यात मी पोर्ट लुईला जाऊन वकील गाठला.

वकील बिचारा शांत माणूस. म्हणाला, "केस पक्की आहे, मादाम. चिमटीत काही धरता येत नाही असा डॉक्टरांचा कागद आहे. बसच्या विमा कंपनीचा माणूस न सांगता घरी येईल, हात बघेल. तुम्ही फक्त एक करायचं. गप्प राहायचं."

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हटलं. आमचे हे खिडकीबाहेर बघायला लागले.

तो माणूस आला तो नेमका गणेश चतुर्थीला!

हाताचं असं झाल्यामुळे मोदकांचं काम माझ्या नणंदेकडे, लक्ष्मीवन्संकडे होतं. मी सकाळी टोपलीत डोकावले आणि मला घेरीच आली. एकेका मोदकाला तीन पाकळ्या. तीन! कांदे वाटत होते.

"वन्सं, हे काय?"

"वैनी, देवाला भाव लागतो."

"भाव लागतो, पन डोळे बी हायत त्याला! सरका बाजूला."

आणि मी बसले. एकवीस मोदक, प्रत्येकाला अकरा पाकळ्या. दहाव्या मोदकाला अंगठा ताठला, पंधराव्याला डोळ्यातून पाणी, एकविसाव्याला हात मनगटापर्यंत टम्म सुजला. त्यानंतर टाचणी उचल म्हटलं असतं तरी उचलली नसती. पण नैवेद्य कसा व्हायला हवा तसा झाला.

आरती संपते न संपते तोच दारात आवाज. "बोंझूर, मादाम." टाय, काळी वही, चष्मा. विम्याचा साहेब! आता शहाण्या माणसांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण गणपतीच्या दिवशी आमच्या घरातून कोणी प्रसादाशिवाय जातं होय? शत्रू असला तरी? ह्यांनीच खुर्ची ओढली, ह्यांनीच केळीचं पान मांडलं.

मी हात पदराखाली घेऊन कण्हत बसले. (दुखत खरंच होतं. थोडं वरून घातलं, इतकंच.) साहेबाने मान हलवली, काहीतरी लिहिलं. सगळं छान चाललं होतं. मग त्याने मोदक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा उचलून उजेडात धरला आणि चक्क पाकळ्या मोजायला लागला.

"की सान्ला इन फेर सा?" कोणी केले हे?

कोणी बोलेना. मीही बोलले नाही! वकिलाने मला बघायला हवं होतं. आणि एवढ्यात आमच्या वन्सं डोक्यावर पदर घेत, लाजत म्हणाल्या, "म्यां. वैनीचा हात मोडलाय ना, मंग म्यांच केले."

म्यां! ह्यांनी माझा पाय दाबला. जोरात दाबला. पण मी कसली थांबते!

"खोटारडे!" (वन्संना मी जन्मात अरेतुरे केलं नव्हतं.) "तुझे कांदे मागं टोपलीत पडलेत! हे माझे! ह्या हातानं केलेत! मोजा साहेब, अकरा हायत!" आणि तो हात मी थेट त्याच्या नाकाखाली नेला.

इतका सुजलेला हात, पण मेल्याला सूज दिसली नाही. बोटं दिसली. भराभर लिहून घेतलं, "मेर्सी, मादाम" म्हणाला आणि घरच्यांसाठी दोन मोदक बांधून घेऊन गेला. निर्लज्ज!

कोर्टात दावा फेटाळला गेला. मालकाने पायरीला नवीन दोरी बांधली. आणि वन्सं रडत म्हणाल्या, "वैनी, मी तुलाच वाचवत हुते गं!"

ते मला ठाऊक आहे. मी ओरडले तेव्हाही ठाऊक होतं.

पण काही म्हणा, निकालाच्या कागदावर सरकारी शिक्क्याखाली स्पष्ट लिहिलंय की ते एकवीस मोदक मीच केले! तो कागद मी चौकटीत घालून भिंतीवर लावलाय. वन्संची खुर्ची बरोबर त्याच्यासमोर असते. खिळा मात्र ह्यांना ठोकावा लागला. माझ्या हाताने हातोडी धरवत नाही.