न भुंकणारा कुत्रा

ती मुलगी आमच्या दारात आली ती लांडग्यांवर काम करणारी म्हणून, आणि विचारलं तिने कुत्र्याचं. तिथेच मला संशय आला.

आमची वस्ती मंठ्याच्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत, माळाला लागून आहे. माळावर लांडगे आहेत हे आम्हाला कुणी शोधून सांगायची गरज नव्हती. आणि बाहेरची माणसं वह्या घेऊन माळावर फिरली की मागोमाग वस्तीला जागा सोडायची एखादी नोटीस येते, हेही आम्ही शिकलो होतो. म्हणून तिने हातात दिलेल्या कागदाची मी आधी खालची ओळ पाहिली.

ही सवय वडिलांची. त्यांनी आयुष्यभर जातिअंताच्या चळवळीची पत्रकं वाटली. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं ओळखायला लागले ती त्यांच्या पत्र्याच्या पेटीतल्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर. ते सांगायचे, "आधी खाली बघायचं, कोणी काढलंय. ज्याच्याखाली नाव न्हाई, त्याच्यावर इश्वास न्हाई."

तिच्या कागदावर वर लांडग्याचा फोटो होता, मधे मजकूर, खाली कोरं.

"हे कोणी काढलं?"

"मीच. झेरॉक्स आहे साधी," ती म्हणाली. बोली पुण्याकडची, बुटांवर आमच्या माळाची धूळ. "तुमच्या कुत्र्याचे चार-पाच केस हवेत. मुळासकट."

आमचा कुत्रा ओट्याखाली पडला होता. उंच पाय, वाळल्या गवताचा रंग. दोन वर्षांपूर्वी नाल्याच्या काठावर वडिलांना सापडला, तेव्हा मुठीत मावत होता. तो भुंकत नाही. दिवस मावळला की माळाकडे तोंड करून लांब सूर काढतो. वस्तीत त्याला लांडग्याचा भाचा म्हणतात.

"केसांवरून कळेल, यात लांडग्याचं रक्त आहे का," ती म्हणाली. "शुद्ध लांडगे आता फार कमी उरलेत."

"शुद्ध?" मी विचारलं. "आमच्या घरात हा शब्द चालत नाही."

ती म्हणाली, "बरोबर आहे. दुसरा शब्द वापरते." आणि ओट्यावर बसून सांगू लागली. इथला लांडगा अंगाने सडसडीत, आखूड केसांचा. उन्हाळ्याच्या दुपारी सावलीच्या टीचभर तुकड्यात तग धरणारा, ससा-उंदरावर भागवणारा. पिढ्यान्‌पिढ्या या माळाने त्याला असा घडवलाय. पण माळांचे तुकडे पडले, मधे रस्ते आणि शेतं आली. एका माळावरचा लांडगा दुसऱ्या माळावर पोचत नाही. आपसातच पिल्लं होत राहिली की कळप आतून कमजोर होतो. आणि जोडीदार मिळाला नाही की लांडगा कुत्र्यांकडे वळतो.

वडील इतका वेळ ऐकत होते. "म्हंजी ताई, सोयरीक लांबून करा, पण कुत्र्यात करू नका. हे तर आमच्या गावातले बी म्हणून राह्यले. आमच्याबद्दल."

मला वाटलं, आता ही उठून जाईल. पण ती उठली नाही, तिने ते हसण्यावारीही नेलं नाही. "काका, मला एवढंच कळतं, की कुत्रे सगळीकडे आहेत आणि लांडगे मूठभर. मिसळले की कुत्रा उरतो, लांडगा राहत नाही."

"आणि आमचा मिश्र निघाला तर?" मी विचारलं.

"वनखातं कदाचित त्याला नेईल. नक्की मला माहीत नाही."

मला हवं ते कळलं होतं. अनोळखी माणसाला तो चावतो, उद्या मीच केस काढून देते, असं सांगून मी तिच्याकडून पाकीट घेतलं. दुसऱ्या दिवशी फाट्यावर गेले. तिथल्या हॉटेलात भज्यांवर पोसलेला एक तांबूस-पांढरा कुत्रा आहे. त्याचे पांढरे सोडून, मानेखालचे तांबूस केस उपटले आणि पाकिटावर आमच्या कुत्र्याचं नाव लिहून तिला दिलं. मला जराही वाईट वाटलं नाही. उलट आपण एक लढाई जिंकली असं वाटलं.

दिवाळी झाल्यावर ती परत आली. "तुमचा कुत्रा निव्वळ कुत्रा आहे," ती म्हणाली. वडिलांनी ओट्याखाली हात घालून त्याची पाठ थोपटली. ती पुढे म्हणाली, "या माळावर माझी शंका त्याच्यावरच होती. आता इथलं काम थांबवते. लांडग्यांत मिसळू नयेत म्हणून वस्तीच्या कुत्र्यांची नसबंदी करणार होतो, तीही दुसरीकडे करू."

ती उठली. मीच नाल्यापलीकडे गावकुत्री लांडग्यांच्या मागे हिंडताना पाहिली होती. आणि मीच खाली खोटं नाव असलेला कागद काढला होता.

"ते केस याचे नव्हते," मी म्हणाले. "फाट्यावरच्या हॉटेलातल्या कुत्र्याचे होते."

वडिलांचा हात थांबला. "नाव एकाचं अन्‌ माल दुसऱ्याचा," ते म्हणाले. "यासाठी आपण दुसऱ्याला शिव्या देतो, माय."

ती पुन्हा बसली. "तरीच. दिसतो असा आणि निव्वळ कुत्रा कसा, हेच कळेना."

"खरे केस देते. पण कुत्रा नेणार नाही असं लिहून द्या."

तिने वही काढली. "मी नेणार नाही आणि न्यायला सांगणार नाही, एवढं लिहू शकते. खात्याच्या वतीने नाही लिहू शकत. ते खोटं होईल."

मागितलं ते सगळं ती लिहून द्यायला तयार झाली असती, तर खोटी समजून मी तिला हाकललं असतं. तिने लिहिलं. वडिलांनी कागद घेतला, आधी खाली पाहिलं. नाव होतं, सही होती, तारीख होती. मग वर वाचलं.

मी कुत्र्याची मान धरली. तिने केस ओढले तेव्हा तो भुंकला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. पाकिटावर मी लिहिलं, केस कोणाचे, कुठे काढले. आणि खाली माझं पूर्ण नाव.

निकाल अजून आलेला नाही. फाट्यावरून गाडी वळल्याचा आवाज आला, की मी अजूनही आधी ओट्याखाली बघते.